काटेवाल्याचं दुसरं यंत्र

१८ नोव्हेंबर २००१, रविवार

दिवाळीनंतरचा पहिला निवांत दिवस. दुकानाच्या पाटीवरची 'वजन-काटे विक्री व दुरुस्ती' ही अक्षरं पुसट झालीत, ती रंगवून घ्यायची होती. ते सोडून योगीराजच्या इंटरनेट कॅफेत जाऊन बसलो. त्याच्याकडे कुणीच नव्हतं. एसटीडी बूथ होता तेव्हा याच दारात रांग असायची. आता घरोघरी फोन आले आणि कॉम्प्युटरवर पोरं फक्त निकालाच्या दिवशी येतात. मला बघून म्हणाला, "बस बे. वीज हाय तवर जग बघून घे."

जग बघता बघता एक खेळ सापडला. कुणीतरी कुठंतरी, डोंगरात, पुलाखाली, झाडाच्या ढोलीत एक डबा लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर लिहून ठेवतो. दुसरे लोक हातात मावेल एवढं यंत्र घेऊन तिथं जातात. यंत्राला वरच्या उपग्रहांकडून आपण कुठं उभे आहोत ते कळतं. डबा सापडला की आतल्या वहीत सही करायची आणि तो होता तसा ठेवून यायचं. मिळत काहीच नाही. मला हेच आवडलं.

आणखी एक गोष्ट वाचली. अमेरिकेनं या उपग्रहांच्या संदेशात मुद्दाम चूक घालून ठेवली होती. मागच्या वर्षी मे महिन्यात ती काढली, तेव्हा कुठं हा खेळ निघाला. मुद्दाम घातलेली चूक! आमच्या धंद्यात याला दंड आणि तुरुंग आहे.

योगीराजला सगळं समजावून सांगितलं. तो म्हणाला, "आन् डब्यात काय असतंय?"

"वही, पेन्सिल, एखादं खेळणं."

"त्याच्यासाठी डोंगर चढायचा? येडी हायती बे ही लोकं."

थोड्या वेळानं त्यानंच विचारलं, "पण यंत्र बरोब्बर जागेवर नेतंय?"

२५ नोव्हेंबर

आठवडाभर डोक्यात तेच. नकाशावर आमच्या भागात एकही डबा नाही. म्हणजे आम्हीच लपवायचे, आम्हीच सुरुवात करायची. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी हे शोभतं का, असा प्रश्न स्वतःला विचारला. दुकान, घर आणि परळीची वारी एवढ्यात माझी वीस वर्षं गेली. बी.एस्सी. करताना वाटलं होतं की काहीतरी मोजत मोजत दूर जाऊ. मोजत राहिलो, दूर गेलो नाही. उत्तर मिळालं नाही, पण प्रश्न मागे पडला.

योगीराज आज स्वतः दुकानात आला. औरंगाबादला आम्ही एकाच खोलीत राहिलो, तेव्हापासून मला ओढून नेणारा तो आणि पाय मागे घेणारा मी. म्हणाला, "घेऊ यंत्र. निम्मं तुझं, निम्मं माझं." कॅफेचं बरं चालत नसताना तो माझ्या हौशीसाठी खर्चात पडतोय, हे मला जड गेलं. तसं बोललो तर म्हणाला, "तुझी हौस ती माझी हौस. गप."

बोलता बोलता मी गमतीनं म्हणालो की हा खेळ अमेरिकेत निघाला याचंच नवल. मराठवाड्यात तर घरोघरी एक पुरलेला डबा आहे. आणि सिरसाळ्याच्या मल्लम्मामावशीच्या सासऱ्याची गोष्ट सांगितली. रझाकारांच्या धामधुमीत त्यांनी घरातली चांदी कुठंतरी पुरली, मुलाबाळांना घेऊन निजामाच्या हद्दीपलीकडे गेले आणि तिकडंच तापानं वारले. जागा कुणालाच सांगितली नाही. मावशी अजून परस झाडताना एखादा दगड हलला की थांबून बघते. माझी आई गेल्यावर मी मावशीच्याच घरी वाढलो. लहानपणी त्या परसात मीही कितीदा उकरलं असेल.

योगीराजनं ती गोष्ट पुन्हा एकदा सांगायला लावली. त्याला जुन्या गोष्टींची इतकी आवड आहे हे मला माहीत नव्हतं.

९ डिसेंबर

यंत्राची निवड. तीन डोळ्यांसमोर आहेत. नावं लांबलचक आहेत म्हणून आम्ही रंगांवरून बोलतो.

निळ्यात आत नकाशा आहे, पण तो अमेरिकेचा. आपल्याकडे कोरी पाटी. शिवाय आमच्या बेताबाहेर. गेलं.

पिवळं लहान आहे, खिशात मावतं, दोनच सेल लागतात आणि ते पुष्कळ वेळ टिकतात. पाणी लागलं तरी चालतं. एका वेळी बारा उपग्रहांचं ऐकतं. आवाज करत नाही.

राखाडी जाडजूड आहे. चार सेल खातं. वर बोटाएवढा अँटेना. पडद्यावर मोठा बाण, आणि ठरवलेल्या जागेजवळ आलं की बीप वाजते.

अचूकता दोघांची सारखीच, पंधरा-वीस पावलं इकडंतिकडं. म्हणजे प्रश्न सेलचा, वजनाचा आणि टिकाऊपणाचा. तिन्हींत पिवळं सरस. मी रकाने आखून गुण दिले.

रुद्राणीनं चहा ठेवता ठेवता कागद बघितला. "अवो, आपल्या पोरीसाठी स्थळ बघताना एवढं बघितलं न्हवतं तुमी."

म्हटलं, "तेव्हा आठवडाभरात सांगायचं होतं."

"मग हे तरी घाईनं करा. पोरीचं चुकलं न्हाई, हे बी चुकायचं न्हाई."

१६ डिसेंबर

योगीराजला राखाडीच हवंय. तासभर वाद.

"पिवळ्यात बीप न्हाई."

"बीप कशाला? पडद्यावर बाण दिसतो की."

"तुला दिसतो. बाजूला हुभा ऱ्हायलेल्याला काय दिसतंय?"

"बाजूला कोण उभं राहणार आहे?"

"बे, खेळ हाय ना? चार माणसं बघायला नकोत?"

अँटेनाही त्याला आवडला. म्हणतो, पिवळं यंत्र लहान पोराच्या खेळण्यासारखं दिसतं, हातात धरलं तर कुणी किंमत देणार नाही. मी म्हणालो की काट्याची किंमत त्याच्या रंगावर नसते. तो म्हणाला, "तुला काटा कळतो, मला गिऱ्हाईक कळतं." हसण्यावारी गेलं.

मला अजूनही पिवळंच बरं वाटतं. पण निम्मे पैसे त्याचे आहेत. गुण देताना मी फक्त माझ्या गरजा धरल्या, चार माणसांना सोबत घ्यायची त्याची इच्छा धरली नाही, हा माझा एकलकोंडेपणाच. रकान्यांत 'आनंद' असा रकाना नव्हता.

२३ डिसेंबर

राखाडी ठरलं. त्याचा मावसभाऊ दुबईत आहे, तो येताना आणणार. योगीराजनं मला मिठी मारली, पार दुकानाच्या पायरीवर. इतका खूश तो बूथ उघडला त्या दिवशीही नव्हता.

९ जानेवारी २००२

आलं. एखादा नवा काटा हातात येतो तेव्हा मी आधी शून्य बघतो. याला शून्य नसतं. म्हणून गच्चीवर एका जागी ठेवलं आणि आकडे कसे हलतात ते बघत बसलो. दुकान एकाच जागी उभं असताना यंत्राच्या मते ते हळूहळू शेजारच्या कापडवाल्याकडे सरकत होतं, मग परत येत होतं. बरं वाटलं. जे यंत्र आपली चूक लपवत नाही, त्याच्यावर विश्वास ठेवता येतो.

१३ जानेवारी, रविवार

पहिला डबा! पालीला, बिंदुसरेच्या धरणाच्या अलीकडे, टेकडीवरच्या दोन दगडांच्या खोबणीत. स्टीलचा पापड ठेवायचा डबा. आत वही, पेन्सिल, जुन्या काट्याचं एक पितळी वजन आणि योगीराजनं टाकलेला गोट्यांचा पुडा. मी लपवला, जागेचे आकडे यंत्रात भरले, तो खाली रस्त्यावर थांबला. मग यंत्र त्याच्या हातात दिलं. बाणामागं तो काटेकुटे तुडवत वर आला. खोबणीपाशी बीप वाजली आणि तो ओरडला, "आयला, खरंच की बे!"

वहीत दोघांनी सही केली. खाली धरणाचं पाणी, वर वारा. भाकरी खाल्ली. परतताना वाटलं की या सुखात कुणाचं काही घेतलेलं नाही आणि कुणाचं काही बुडवलेलं नाही. असं सुख माणसाला कितीदा मिळतं?

२७ जानेवारी

चौसाळ्याला आडत्याचा मोठा काटा दुरुस्त करायला गेलो होतो. योगीराज म्हणाला, मी पण येतो, यंत्र घेऊ. काम झाल्यावर हॉटेलपाशी त्यानं चार माणसं जमवली. शाळेपलीकडच्या लिंबाखाली डबा ठेवून आला आणि यंत्र माझ्या हातात दिलं. "अप्पा, तुमी दाखवा." चारचौघांत तो मला अप्पा म्हणतो. मी पडदा दाखवत, समजावत पुढे आणि मागे निम्मं गाव. लिंबाखाली बीप वाजली तशी पोरांनी शिट्ट्या मारल्या.

एका म्हाताऱ्यानं विचारलं, "जिमिनीतलं बी दावतंय का, अप्पा?"

मी स्पष्ट सांगितलं, "नाही. हे फक्त जागा सांगतं. तिथं काय आहे ते याला कळत नाही. आणि जागेतही पंधरा-वीस पावलांची चूक असते."

योगीराज हसून म्हणाला, "अप्पांची सवयच हाय ती. काटा विकताना बी आधी दोष सांगत्यात, मग माल."

आडत्या म्हणाला, "म्हणून तर त्यांचाच काटा घेतो आमी." सगळे हसले. मीही. खरं सांगायचं तर मला ते ऐकून फुशारकी वाटली. लिहून ठेवतो, म्हणजे पुन्हा वाटली तर लाज वाटेल.

१० फेब्रुवारी

यंत्र आता आठवडाभर योगीराजकडेच असतं. नव्या जागा हेरायला तो गावोगाव फिरतो म्हणे. कॅफे भाच्यावर सोपवलाय. रविवारी मात्र त्याला जमत नाही, सलग दुसऱ्यांदा नाही म्हणाला. सेल संपवण्याचा त्याचा वेग बघून मला कौतुक वाटलं. माझी हौस होती, कष्ट तो करतोय. मी दुकानाबाहेर पाय काढत नाही आणि डबे लपवले नाहीत म्हणून कुरकुरतो. हे बरोबर नाही.

२१ फेब्रुवारी

तेलगावकडचा एक माणूस आज दुकानात आला. काही घेतलं नाही. गल्ल्यावर नारळ ठेवला, समोरच्या मोठ्या काट्याला हात जोडले आणि म्हणाला, "अप्पा, तुमच्या नावानं आमच्या घरचं बी भलं होऊ द्या." मी विचारलं, कोणता काटा घेतला होता? तो म्हणाला, "काटा न्हाई अजून," आणि वाकून निघून गेला. नारळ रुद्राणीनं फोडला. चटणी चांगली झाली होती.

ती म्हणाली, "लोकं तुमच्या पाया कावून पडायलीत?"

म्हटलं, खरं माप दिलं की पडतात कधीकधी. योगीराजनं नवी मोटरसायकल घेतल्याचं तिनं मग सांगितलं. मी म्हणालो, कॅफे सुधारला असेल.

१३ मार्च, बुधवार

काल महाशिवरात्र. परळीला वैजनाथाचं दर्शन घेऊन परतीला सिरसाळ्यात उतरलो, मावशीकडे. दारात पाऊल टाकलं तर ती धावत आली. सत्तरी ओलांडलेली बाई पोरीसारखी.

"आलास? मी शहादेवला म्हणलंच होतं, आता थोडं ऱ्हायलंय तर अमर सोता येणार म्हणून!"

हात धरून परसात नेलं. गोठ्याच्या भिंतीलगत माणूस दिसेनासा होईल एवढा खड्डा. आत शेजारचा शहादेव कुदळ घेऊन. कडेला हळदीकुंकू, लिंबू, उदबत्तीची राख. गोठा रिकामा. मावशीची दुभती म्हैस नव्हती.

"म्हैस?"

"इकली. यंत्राच्या दक्षिणेचं, पूजेचं, मजुरांचं असतंय की समदं. योगीराज म्हणला, अप्पा मावशीकडून काय घेऊ देणार न्हाईत, पण यंत्राला रितं ठिवू न्हाई." मग हळूच कानाशी, "तूच धाडलंस ना त्याला? मला ठावं हाय. तू सोता सांगायला लाजलास."

शहादेवनं खालून विचारलं, "अप्पा, आता किती खाली आसंल?"

मी काय केलं? मी चहा प्यायलो. कडेला बसलो आणि बशीतला चहा प्यायलो. तिथंच सांगायला हवं होतं. पण मनात आलं की योगीराजचं ऐकून घेतल्याशिवाय त्याला खोटं कसं ठरवू? कदाचित मावशीनंच त्याला भरीला घातलं असेल. कदाचित मध्ये तिसरं कुणी असेल. बीडच्या गाडीत पूर्ण रस्ताभर मी त्याच्या बाजूनं बोलत होतो, माझ्याशीच.

१४ मार्च

त्याच्याकडे गेलो. त्यानं नाकारलं नाही. नाकारलं असतं तर बरं झालं असतं असं आता वाटतं.

"बस. चा सांगू?"

"मावशीच्या परसात काय चाललंय?"

"खोदायलेत."

"काय आहे तिथं?"

"मला काय ठावं? मी एकदा तरी म्हणलो का धन हाय म्हणून? मी म्हणलो, यंत्र हितं दाखवायलंय. दाखवतच व्हतं. खोटं कुठं हाय त्यात?"

"तूच ती जागा आत भरलीस आणि तूच शोधलीस."

"मग पालीला काय करत होतो आपण? डबा आपणच ठिवायचा, आपणच हुडकायचा. तवा तुला लई गोड लागत होतं."

मी विचारलं, किती गावांत केलंस? त्यानं हातानं उडवून लावलं. मी म्हणालो, माझं नाव घेतलंस.

"आईच्यान न्हाई घेतलं. लोकंच म्हणायची, हे काटेवाल्या अमरनाथअप्पाचं यंत्र. मी फकस्त न्हाई म्हणलो न्हाई. तुझ्या नावावर डोळे मिटून इश्वास ठेवत्यात, त्यात माझा काय गुन्हा?"

"ती माझी मावशी आहे, योगीराज. तिनं मला वाढवलंय."

तो मग म्हणाला, "बँकेची माणसं रोज दारात हुभी व्हती. तुला सांगितलं असतं तर तू उपदेश दिला असतास. बरोबर दिला असतास. पण उपदेशच." पुढं म्हणाला, "आन् मावशीनं सोता बोलावलं मला. चौसाळ्याची गोष्ट तिकडं पोचली व्हती. बाई तीन डाव माणूस धाडती, मी किती न्हाई म्हणू? तिला आस हाय बे. तू तिला पाडव्याला लुगडं देतुस. मी आस दिली."

या सगळ्यापेक्षा मला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. हे त्याच्या मनात कधी आलं? यंत्र घेतल्यावर, हातात पैसा नसताना, मोह झाला म्हणून? की आम्ही कागदावर रकाने आखत होतो, वाद घालत होतो, तेव्हाच? त्या डिसेंबरात मी जितका सुखी होतो तितका कित्येक वर्षांत नव्हतो. तो महिना तरी खरा होता का?

विचारलं. त्यानं माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की जणू माझीच कीव येत होती.

"लेका, डबा हुडकायला बीप कशाला लागती?"

यंत्र त्यानं टेबलाच्या खणातून काढून दिलं. "घे. तुझा वाटा, माझा वाटा, समदा तुझा."

मी ते जुन्या कापडाच्या धडप्यात गुंडाळून आणलं. उघडून बघावंसं वाटत नाही.

१५ मार्च

दुकान उघडलं नाही. रुद्राणीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला तवाच वास आला होता."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमी त्याच्याबद्दल बोलू देत होतात का?"

खरं आहे. पोलिसांत जावं का यावर दिवसभर विचार. गेलो तर मावशीचं नाव कागदावर येणार, सगळ्या गावात हसं होणार. नाही गेलो तर बाकी घरांचं काय? तेलगावच्या त्या माणसाचा नारळ आम्ही चटणी करून खाल्ला. आधी मावशीला सांगायचं, मग ठाण्यात जायचं, असं ठरवलं. हा क्रम तत्त्वाचा आहे की भित्रेपणाचा, ते कळत नाही.

१७ मार्च, रविवार

आज सिरसाळ्याला गेलो. जे झालं ते क्रमानं लिहितो.

मावशीला आत बसवून सरळ सांगितलं. यंत्राला जमिनीतलं काही कळत नाही, योगीराजनं फसवलं, परसात काही नाही. तिनं ऐकून घेतलं. मध्येच उठून चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाली, "तसं कसं? आमी कानानं ऐकलं की वाजताना."

म्हटलं, चल, दाखवतो. माझा बेत साधा होता. परसाच्या दुसऱ्या टोकाला तिचं चांदीचं निरांजन मातीत ठेवायचं, त्याच्यावरून यंत्र फिरवायचं आणि यंत्र गप्प राहतं हे दाखवायचं. शहादेव होता, त्याची बायको गीताबाई होती, भिंतीवर शेजारची डोकी होती. बघणारे हवेत असं मलाच वाटलं. सगळ्यांसमोर एकदा सिद्ध झालं की संपलं.

यंत्र धडप्यातून काढलं, चालू केलं. उपग्रह मिळेपर्यंत सगळे श्वास रोखून उभे होते. निरांजनावरून फिरवलं. गप्प. "बघितलं?" मी म्हणालो. निरांजन उचललं आणि मावशीकडे द्यायला खड्ड्याच्या बाजूनं निघालो.

बीप वाजली.

योगीराजनं भरलेली जागा तशीच लावलेली राहिली होती. चालू केल्यावर ती आधी बघायला हवी होती. कुठलाही काटा हातात घेतला की आधी शून्य बघावं, हे मी हाताखालच्या पोरांना रोज सांगतो. मी बघितलं नाही. रागानं, दुःखानं, कशानंही असो, बघितलं नाही.

भिंतीवरची डोकी ओरडली. शहादेवनं कुदळ उचलली. मी सांगत होतो, ही जागा योगीराजनं आत लिहून ठेवलीय, तीच ते दाखवतंय, कुठंही लिहिली असती तरी वाजलं असतं.

गीताबाई म्हणाली, "मग त्यानं हितंच का लिवली? हितं हाय म्हणूनच की."



मावशीनं मला बाजूला, रिकाम्या गोठ्यात नेलं. तिचा आवाज इतका मऊ मी लहानपणी तापात ऐकला असेल. "अमर, तुला पाहिजे असंल तर निम्मं घे. माझ्यामागं समदं तुझंच हाय. पण न्हाई म्हणू नगंस, बाळा. तुझ्या तोंडून खोटं ऐकवत न्हाई."

मी म्हणालो, मी खोटं बोलत नाही. आयुष्यात पहिल्यांदा हे वाक्य मला कुणाला सांगावं लागलं, आणि ते म्हणताना मला स्वतःलाच ते खोटं वाटलं.

बोलून उपयोग नव्हता. खड्ड्यात उतरलो. शहादेवच्या हातातून कुदळ घेतली. खोदत राहिलो. मुरूम संपला, काळा पाषाण लागला. कुदळीतून ठिणगी उडाली. चहूबाजूंनी पहार आपटून दाखवली. सगळीकडून एकच आवाज, भरीव. वर बघून म्हणालो, "मावशी, खडक आहे. बघ. याच्याखाली कुणी काही पुरू शकत नाही."

ती वाकून बघत होती. मग सरळ झाली, पदर तोंडाला लावला.

"सरकलं," ती म्हणाली.

गीताबाईनं मान हलवली. "योगीराजदादा म्हणलेच होते. खोट्या मनाचा माणूस खड्ड्यात उतरला की धन सरकतंय."

कुणी माझ्याकडे बघितलं नाही. शहादेवनं वर यायला हात दिला तोही दुसरीकडे बघत. मी परसात कुदळ टेकवून उभा राहिलो. हातपाय मातीनं भरलेले. लोक एकेक करून भिंतीवरून उतरले. मावशीनं पाणी दिलं, हात धुवायला लावले. मग म्हणाली, "यंत्र ठिवून जा. योगीराजला परत बोलवावं लागंल. कुठं सरकलं ते त्योच सांगंल."

यंत्र ठेवलं नाही. खिशात घातलं. त्याचाही तिनं काय अर्थ लावला ते मला दिसलं.

पिशवी उचलली, पाया पडलो. देवघरातून विभूतीची गोटी आणून तिनं तीन बोटं माझ्या कपाळावर ओढली. परीक्षेला निघालो की ओढायची तशीच. गालावरून हात फिरवला.

"खरं बोलत जा, बाळा," ती म्हणाली. "तुझं नाव मोठं हाय."

मी 'हो' म्हणालो.